डक्टचं रबर कशानं चिकटवायचं?

प्रश्न: गुहागरजवळ घराला लागून शेड घालून दोन आसनी विमान बांधतो आहे. इंजिन रोटॅक्स ९१२. रेडिएटर पोटाखाली, त्याला हवा आणून देणारा फायबरग्लासचा डक्ट, डक्टच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची कड. डक्ट आणि रेडिएटर यांच्यातली फट बुजवायला मोटारीच्या दुकानातून काळं रबर आणून ते एसआरनं (सोफ्याचा फोम चिकटवायच्या डिंकानं) चिकटवलं. मे महिन्यात जमिनीवर इंजिन चालवून बंद केलं आणि तासाभरानं पाहिलं तर रबर लोंबत होतं. कोणता डिंक वापरू? आता पावसाळ्यात हे काम करावं का?

उत्तर: आधी थेट उत्तर देतो. काळं रबर काढून टाका. काचकापड घातलेली सिलिकॉन रबरची शीट घ्या, ती अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून रिव्हेटनं धरा आणि कडेच्या बारीक फटी न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉननं बुजवा. हे काम पावसाळ्यात करता येतं. एसआरचं काम मात्र आपल्याकडच्या आषाढात उघड्या शेडमध्ये करू नका.

तुम्ही विचारलंत कोणता डिंक. मी विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, आता रत्नागिरीत होड्यांच्या इंजिनांचं आणि फायबरचं काम करतो. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसत आली आहे: लोक डिंकापासून सुरुवात करतात. डिंक सगळ्यात शेवटी ठरतो. आधी ठरवायचं की रबराला जागेवर कोण धरणार, मग ते रबर कशाचं, मग ते कशावर बसणार, मग तिथे किती तापणार. एवढं कळलं की दुकानातल्या दहा नळ्यांपैकी आठ आपोआप बाद होतात.

तुमचं रबर इंजिन चालू असताना सुटलेलं नाही, बंद केल्यावर सुटलं. इंजिन चालू असताना प्रोपेलरचा वारा डक्टमधून जात असतो. बंद केलं की वारा थांबतो, पण सिलिंडरची डोकी, तेल, रेडिएटरमधलं पाणी हे सगळं तापलेलंच असतं. ती उष्णता बंद पोकळीत साठते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं डक्टच्या कडा उड्डाणात तापतात त्याहून जास्त तापतात. रोटॅक्स ९१२ मध्ये शीतकाला, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याला, इंजिनाच्या मालिकेप्रमाणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत मुभा असते. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या. साधा एसआर, म्हणजे लॅमिनेट आणि सोफ्याचा फोम चिकटवायचा पिवळसर सिंथेटिक रबर अ‍ॅडहेसिव्ह, ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मऊ पडलेल्या डिंकावर रबराचं स्वतःचं वजन आणि वळवलेल्या पट्टीचा सरळ होण्याचा ताण एवढंही पुरतं. म्हणून डिंक निवडताना उड्डाणातलं तापमान धरू नका. मे महिन्यात, डांबरावर, उतरून इंजिन बंद केल्यानंतरचं तापमान धरा.

आता धरण्याचा प्रश्न. १०० नॉट वेगाला समुद्रसपाटीजवळ वाऱ्याचा गतिज दाब सुमारे १६०० पास्कल भरतो, म्हणजे साधारण १६ सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका. ५ सेंमी रुंद आणि १ मीटर लांब पट्टीवर तो पूर्ण दाब आला तरी जोर ८० न्यूटन, म्हणजे आठेक किलोचा. ऐकायला फार नाही, आणि कुठलाही बरा डिंक एक मीटर लांब जोडावर सरळ ओढीत एवढं वजन सहज पेलेल. पण रबराची पट्टी सरळ ओढली जात नाही, ती कडेपासून सोलली जाते. सोलताना सगळा जोर पूर्ण रुंदीवर पसरत नाही, एका रेषेवर येतो. ती रेष सुटली की पुढची, मग तिच्या पुढची. वर इंजिनाची थरथर, तेलाची वाफ आणि रोजचं तापणं-निवणं. डिंकाचा डबा सांगतो ती ताकद बहुतेक वेळा सरळ ओढीची असते. आपल्याला सोलण्याची ताकद हवी, आणि ती नेहमी फार कमी असते.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: विमानाच्या डक्टमधलं कोणतंही रबर फक्त डिंकावर लटकत ठेवू नये. ते सुटून एअर फिल्टरकडे ओढलं गेलं तर इंजिन गुदमरतं. रेडिएटरच्या किंवा ऑइल कूलरच्या तोंडावर जाऊन बसलं तर तापमान चढतं. एक्झॉस्ट पाइपवर पडलं तर आग. एक्झॉस्टमधल्या वायूचं तापमान ८०० अंशांच्या घरात असतं हे विसरू नका. धरायचं काम पट्टीचं आणि रिव्हेटचं. फटीतून हवा निसटू न देणं एवढंच डिंकाचं काम.

पट्टी ०.८ ते १ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची, १२-१५ मिमी रुंद, कडा कानशीनं गोल केलेल्या. रिव्हेट ४० ते ५० मिमी अंतरावर, वळणावर त्याहून जवळ. आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम पाहा. बाजारातल्या बऱ्याच पॉप रिव्हेटमध्ये आतली कांडी लोखंडाची असते आणि तिचा तुकडा आतच राहतो. खाऱ्या हवेत तो गंजतो, गंजाचे ओघळ खाली येतात आणि भोक सैल होतं. कांडीसकट अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट मागून घ्या. लोहचुंबक लावून पाहिलं की दुकानदाराला विचारायचीही गरज नाही. डक्ट कार्बन फायबरचा असता तर अ‍ॅल्युमिनियम त्याला थेट टेकूच नये असं सांगितलं असतं, कारण खारं पाणी मिळालं की त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झपाट्यानं खाल्लं जातं. तुमचा फायबरग्लास आहे, ती भीती नाही.

रबर कोणतं आहे हे ओळखल्याशिवाय त्याला डिंक शोधणं व्यर्थ. मोटारीच्या दुकानातली दाराची बीडिंग बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असते. ऊन-पावसाला ती उत्तम, पण इंजिन ऑइल लागलं की फुगते, आणि तिच्यावर बहुतेक डिंक बसत नाहीत. ट्रकची जुनी ट्यूब कापून वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती सहसा ब्युटिल असते, तेलाशी तिचंही जमत नाही. निओप्रीन तेल बऱ्यापैकी सोसतं, ते १०० अंशांच्या आसपास थांबतं. सिलिकॉन २०० अंश आरामात सोसतं. मात्र त्यावर सिलिकॉनशिवाय जवळजवळ काही चिकटत नाही, आणि काचकापड नसेल तर ते लवकर फाटतं.

ओळख घरच्या घरी पटते. छोटा तुकडा बाहेर मोकळ्या हवेत जाळा. सिलिकॉन जळून पांढरी राख उरते. निओप्रीन ज्योतीबाहेर काढलं की विझू पाहतं आणि धुराला उग्र, झोंबणारा वास येतो. ईपीडीएम जळतच राहतं. शंका उरली तर तांब्याची तार ज्योतीत रंग जाईपर्यंत तापवा, तापलेल्या टोकानं रबराला स्पर्श करा आणि टोक पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे निओप्रीन किंवा पीव्हीसी. धुरापासून दूर राहून हे करायचं. शिवाय एक तुकडा मोजून इंजिन ऑइलच्या बाटलीत टाका आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. तुमचं काळं रबर तिथेच उत्तर देईल.

आता डिंक. सिलिकॉन रबर घेतलंत तर आरटीव्ही, म्हणजे न तापवता पिकणारं, सिलिकॉन, दुसरा विचार नको. पण आरटीव्हीतही दोन घराणी आहेत. आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसिटॉक्सी. सुकताना ते अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. ते तांबं, पितळ आणि जस्ताचा थर खातं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर उघड्या हवेत त्याचा त्रास कमी, पण पट्टीखाली कोंडलं गेलं तर आम्ल तिथेच बसतं, आणि आपल्याकडे त्याच्या जोडीला मीठ असतं. म्हणून नळीवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं पाहूनच घ्या. न्यूट्रलमध्ये ऑक्झाइम प्रकार तांब्या-पितळेला थोडा बाधू शकतो, अल्कॉक्सी सगळ्यात सौम्य. तुमचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दोन्ही चालतील. जुन्या मोटारीचा पितळी टाक्यांचा बसवला असेल तर अल्कॉक्सीच शोधा. लाल रंगाचं म्हणजे जास्त तापमानाचं, एवढ्यावर भुलू नका. लाल नळ्यांपैकी बऱ्याच अ‍ॅसिटॉक्सी असतात. आकडा आणि प्रकार दोन्ही वाचा.

लायकॉमिंगसारखं पूर्ण हवेनं थंड होणारं इंजिन असतं तर डोक्याचं तापमान २०० अंशांपर्यंत सहज जातं, कमाल मर्यादा २६० आहे, आणि तिथे बॅफलचा, म्हणजे हवा वळवणारा, पत्रा सिलिंडरच्या पात्यांना (फिन्सना) टेकतो त्या जागी २६० अंशांचं लाल आरटीव्ही लागलं असतं. तुमच्या रेडिएटर डक्टला त्याची गरज नाही.

निओप्रीन वापरायचंच असेल तर पॉलिक्लोरोप्रीनचा (निओप्रीनचंच दुसरं नाव), जास्त तापमानाला चालणारा गॅस्केट अ‍ॅडहेसिव्ह घ्या. थ्रीएमचा १३००एल हा त्या जातीचा, १४० अंशांच्या पुढेही टिकणारा. तो फर्निचरच्या एसआरचा भाऊ असला तरी वेगळा आहे. अ‍ॅराल्डाइट नको. एपॉक्सी कडक होतो, रबर वाकतं, आणि दोघांमधली सीमा तुटते. शिवाय साधा एपॉक्सी ६०-७० अंशांपुढे नरम पडतो. फेविक्विक ठिसूळ, साधारण ८० अंशांची मर्यादा. त्याचा एकच उपयोग मला पटतो: ईपीडीएम किंवा निओप्रीनच्या बीडिंगची दोन टोकं कोपऱ्यात जोडायला, जिथे जोडावर भार नाही. पॉलियुरेथेन सीलंट होड्यांना उत्तम, पण ९० अंशांच्या आसपास थांबतो, त्यामुळे इंजिनाच्या बाजूला नको. फायरवॉलमधली, म्हणजे इंजिन आणि आसनं यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतली, भोकं बुजवायला यातलं काहीच चालत नाही, त्याला अग्निरोधक सीलंट लागतो. इंधनाच्या जोडांवर सिलिकॉन कधीच नाही.

कोकणात मला खरी काळजी वाटते ती पृष्ठभागाची. पुस्तकं सांगतात, अ‍ॅसिटोननं पुसा. अ‍ॅसिटोन तेल काढतो, मीठ काढत नाही. मीठ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतच नाही. तुमची शेड समुद्राच्या वाऱ्यात आहे, तिथे दोन दिवस उघड्या राहिलेल्या पत्र्यावर बोट फिरवून जिभेला लावलंत तरी कळेल. ते मीठ डिंकाखाली राहिलं तर हवेतला ओलावा खेचत राहतं आणि कडेपासून अ‍ॅल्युमिनियम पांढरं होत जातं. डिंक सुटला असं वाटतं, प्रत्यक्षात त्याच्याखालचा पत्राच सुटलेला असतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळ्यात शाकारलेल्या होड्यांच्या इंजिनपेट्यांची झाकणं उघडून पाहा, रबराच्या मागे हीच पांढरी भुकटी दिसेल.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी साबणाचं पाणी, मग गोड्या पाण्यानं भरपूर धुणं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याअखेर मचूळ होतं, म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं करा (आम्लानं नव्हे). पूर्ण वाळवा. स्कॉचब्राइटनं घासून चमक घालवा. लोखंडी घासणी नको, तिचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात. मग दोन फडक्यांची पद्धत: एका फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. उडून जाऊ दिलं तर विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं. पत्रा स्वच्छ झाला का हे पाण्यानं कळतं: पाणी अखंड पसरून राहिलं तर स्वच्छ, थेंब होऊन गोळा झालं तर तेल शिल्लक आहे. उघडं अ‍ॅल्युमिनियम तसंच ठेवू नका. एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन धरणारा पहिला थर) लावून, तो पूर्ण वाळवून, मग सील बसवा. फायबरग्लासच्या बाजूला साच्याचं मेण उरलेलं असतं, ते आधी सॉल्व्हंटनं काढा आणि मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर मेण खोल घासलं जातं. घरालगत जांभ्याचं बांधकाम चालू असेल तर त्या दिवशी काम नको, तांबडी धूळ सगळीकडे बसते.

आणि रंगकाम सगळं आधी. सिलिकॉन एकदा शेडमध्ये उघडलं की त्याचा सूक्ष्म अंश हातांवर, फडक्यांवर, टेबलावर जातो, आणि मग रंगात गोल खड्डे पडतात. सिलिकॉनची फडकी वेगळी ठेवा, वापरून टाकून द्या.

पावसाळ्याबद्दल. सॉल्व्हंटवाला डिंक सुकताना सॉल्व्हंट उडतं आणि पृष्ठभाग थंड होतो. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे डिंकाचा थर जेमतेम तीन अंश थंड झाला की त्यावर दव धरतं. एसआरवर पांढरट झाक दिसते ती हीच, आणि त्यावर दुसरी बाजू दाबली तर मधे पाण्याचा थर. आकाश भरून आलेलं असताना आर्द्रता ९५ वर जाते, तेव्हा तर एका अंशाचाही फरक पुरतो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी, ३२ अंश आणि ५० टक्क्यांना, दवबिंदू २० च्या जवळ असतो. एसआरच्या जातीचं काम तेव्हाचं. छोटं हायग्रोमीटर शेडमध्ये टांगा. धातू दवबिंदूपेक्षा तीन अंश तरी वर असावा, हा रंगकामातला नियम इथेही पाळा.

सिलिकॉनचं उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्यावरच पिकतं, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात ते चटकन साय धरतं. पण ही साय फसवी असते. आत ते दिवसाला दोन-तीन मिमी या गतीनंच पिकत जातं. पट्टीखाली पूर्ण थर फासलात तर मधला भाग बरेच दिवस ओलाच राहील. पट्टीखाली पूर्ण थर देऊ नका. रिव्हेट मारून झाल्यावर फक्त कडेला तीन-चार मिमीची बारीक रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं दाबा आणि आठवडाभर इंजिन चालवू नका. नळीवरची तारीख पाहा. उन्हात पडून राहिलेली जुनी नळी कधी पिकतच नाही. कागदावर एक थेंब काढून नळीवर लिहिलेल्या वेळेत साय धरते का ते आधी बघा, न धरल्यास ती नळी टाका. आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानाला नोंदणी मिळते हे कॅप्टन अमोल यादव यांच्या व्हीटी-एनएमडी या विमानानं २०१७ मध्ये दाखवलं आहे. तुम्हालाही त्या वाटेनं जायचं आहे, तेव्हा कोणती नळी, कोणता बॅच, कोणत्या दिवशी, किती आर्द्रतेत, हे वहीत लिहून ठेवा.

विमानावर हात घालण्याआधी चाचणीची पट्टी कराच. त्याच पत्र्याचा, त्याच प्रायमरचा तुकडा, त्यावर २५ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब रबर, अर्ध्या लांबीपर्यंत चिकटवलेलं. अशा चार करा. आठवड्यानं पहिली हातानं मागे वळवून सोला. रबर फाटलं तर उत्तम. डिंक मधून फाटून दोन्हीकडे राहिला तरी ठीक. धातू स्वच्छ दिसत सुटून आलं तर तुमची धुलाई कमी पडली, डिंकाला दोष देऊ नका. दुसरी पट्टी १२० अंशांत दोन तास, मोकळ्या टोकाला अर्धा किलो टांगून. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. तिसरी समुद्राच्या पाण्यात आठवडाभर. चौथीवर इंजिन ऑइल आणि शीतक लावून ठेवा. कुठल्याही लेबलपेक्षा या चार पट्ट्या तुम्हाला जास्त सांगतील, कारण त्या तुमच्या पत्र्याच्या, तुमच्या हाताच्या आणि तुमच्या हवेच्या आहेत.

बसवताना सील एकाच बाजूला धरायचं, दुसऱ्या बाजूला ते नुसतं टेकायचं. इंजिनाला जोडलेल्या भागाशी सील येत असेल तर सुरू करताना आणि बंद करताना इंजिन माउंटवर बरंच हलतं, दोन्हीकडे चिकटवलेलं रबर तिथेच फाटेल. रबराचं मोकळं टोक नेहमी जास्त दाबाच्या बाजूला वळलेलं हवं, म्हणजे आत येणारी हवाच त्याला समोरच्या भिंतीवर दाबून धरते. उलट वळवलंत तर तीच हवा त्याला उघडते, आणि मग कुठलाही डिंक, कितीही रिव्हेट उपयोगाचे नाहीत. टेकण्याच्या जागी रंग घासला जातो, तिथे यूएचएमडब्ल्यू या निसरड्या प्लॅस्टिकची टेप लावा. स्पंज वापरायचा मोह झाला तर बंद छिद्रांचाच घ्या. उघड्या छिद्रांचा स्पंज पावसाचं आणि खारं पाणी धरून ठेवतो आणि ते धातूला लागून राहतं.

हे सगळं एका फटीसाठी कशाला, असं वाटू शकतं. १९३५ मध्ये ब्रिटनमधले अभियंते एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी मांडलं की नीट आखलेल्या डक्टमध्ये हवा रेडिएटरपुढे संथ करून तिचा दाब वाढवता येतो आणि थंड करण्यासाठी सोसावा लागणारा हवेचा अवरोध पुष्कळ कमी होतो. पण दाब वाढला की फटीतून पळून जाण्याची ओढही वाढते. हवेला जाळीतून जाण्यापेक्षा शेजारच्या मोकळ्या फटीतून जाणं सोपं. ती हवा अवरोध वाढवते, इंजिनाला मात्र थंड करत नाही. मे महिन्यात ३५ अंशांच्या हवेत पूर्ण वजनानं चढाई करताना तुमच्याकडे वाया घालवायला हवा नाही.

काम झालं की रात्री डक्टमध्ये दिवा ठेवा आणि बाहेरून पाहा, उजेड दिसेल तिथे फट आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक रेडिएटरच्या पुढे आणि एक मागे जोडा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीतला फरक लिहून ठेवा, पुढे कधी सील ढिलं पडलं तर हा फरक घटलेला दिसेल. पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी आणि त्यानंतर प्रत्येक तपासणीला रबराचं टोक बोटानं उचलून पाहा आणि कडेला पांढरी भुकटी शोधा. भुकटी दिसली तर वरून सिलिकॉन फासू नका. रिव्हेट काढा, पट्टी उचला, जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पात्यानं पूर्ण खरवडा आणि पत्र्यापासून पुन्हा सुरुवात करा.